झेंड्याची दोरी

भाताच्या आवणीसाठी रजेवर गंजाडला आलो आणि रजा संपली तरी पलटणीत परत गेलो नाही. मन उठलं होतं. बाबा गावाला सांगायचे, रजा वाढवून मिळालीय. सुट्टीवर आलेल्या फौजीनं शाळेत झेंडा फडकवायचा, ही आमच्याकडची रीत. पंधरा ऑगस्टला गुरुजींनी बोलावलं. वर्दीला इस्त्री बाबांनीच केली. पोरांनी मला कडक सॅल्यूट ठोकला, तो मला पचला नाही. दुसऱ्याच दिवशी वाणगावहून गाडी धरली आणि पलटणीत जाऊन हजर झालो. कैद झाली, नोकरी गेली, गावाला सगळं कळलं.

सुटून आल्यावरच्या झेंडावंदनाला मी मागे उभा होतो. गुरुजींनी भलेपणानं दोरी बाबांपुढे धरली. बाबांनी हात मागे घेतला.

"हा मान आमच्या घरानं एकदा चोरलाय," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

"माझ्या पोरानं" असं म्हणाले असते तर सोसलं असतं.