काढून घेतलेले दोन भाग

माझा जुना लॅपटॉप ताईच्या मुलीला द्यायचा, हे मीच ठरवलं होतं. ताईचं सासर वैशाखऱ्याला, भाची मुरबाडच्या कॉलेजात जाते. मी शहापूरला राहते, घरून टायपिंगची आणि फॉर्म भरायची कामं करते. नवा लॅपटॉप घेतल्यावर जुना नुसता पडून होता.

पडून होता, पण चांगला होता. दोन वर्षांपूर्वी तो फार रखडायला लागला, तेव्हा व्हिडिओ बघून मी स्वतःच तो उघडला होता. चार जीबीची रॅम काढून आठची बसवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाकली. तेव्हापासून बटण दाबलं की हातातला चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो सुरू व्हायचा. दिवाळीला आलेली भाची बघतच राहिली होती. "किती फास्ट गो मावशी!"

द्यायच्या आदल्या दुपारी मी तो पुन्हा उघडला. नवे दोन्ही भाग काढून घेतले, जपून ठेवलेले जुने परत बसवले आणि जुन्या डिस्कवरचं माझं सगळं पुसून टाकलं. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, कधीतरी लागतील. खरं म्हणजे मनात आलं होतं, कॉलेजचं टायपिंग करायला पोरीला एवढं कशाला हवं? ते भाग मग ड्रॉवरमध्येच पडून राहिले. एकदाही लागले नाहीत.

दोनेक महिन्यांनी भाचीचा फोन आला.

"मावशी, एक विचारू? रागवू नको हां. लॅपटॉप लवकर चालूच नाय होत. पंधरा-पंधरा मिनटं लागतात. माझ्याकडून काय बिघडलं असेल काय?"

"जुना आहे गो तो," मी म्हटलं.

"पण दिवाळीला तर..." ती थांबली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "आई मलाच बोलते, 'तूच कायतरी करून ठेवलंस.' तिनं कपाटात टाकलाय. मी प्रोजेक्ट मैत्रिणीकडं जाऊन करते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "रविवारी येते, बघते काय झालंय ते."

सामान घेऊन येतेय, एवढंच ताईला फोनवर सांगितलं. रविवारी दोन्ही भाग पर्समध्ये घालून किन्हवलीमार्गे जाणाऱ्या गाडीत बसले. सरळगावला गाडी बदलून वैशाखऱ्याला पोचले, तर ताईनं कोंबडीचं कालवण केलेलं. शेजारीण दारात उभी होती. तिला ताई सांगत होती, "बहीण नवीन सामान घेऊन आलेय. स्वतःच बसवते सगळा. पोरीनं वाट लावली, पण मावशीला किती काळजी बघ." मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

ताईनं टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप कपाटातून काढून दिला. मी स्क्रू काढले. भाची शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "रॅम मी बसवू?" रॅम तिरकी धरून कशी सरकवायची ते मी तिला दाखवलं. तिनं अंगठ्यानं दाबली, दोन्ही क्लिपा टक् करून बसल्या. ती हसली. मग मी डिस्क बदलली आणि बटण दाबलं.

लगेच स्क्रीन उजळली. तिच्यावर माझा फोटो, खाली माझं नाव. या डिस्कवरचं माझं सगळं पुसून आणायचं डोक्यातच आलं नव्हतं.

भाचीनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे याच्यातच होतं?"

"हो."

"कधी काढलंस?"

"तुला द्यायच्या आधी. मला वाटलं..."

"म्हणजे मी नव्हता बिघडवला," ती म्हणाली. "आईला तेवढं सांग."

मी स्वयंपाकघरात गेले. ताई मला न्यायला पिशवीत तांदूळ भरत होती. म्हटलं, "ताई, पोरीची काही चूक नव्हती. मशीनच जुनी होती."

"तू नको तिला पाठीशी घालू," ताई म्हणाली.

भाची दारात उभी होती. ती नुसती वळून निघाली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "ताई, आतलं चांगलं सामान मीच काढून घेतलं होतं. देण्याआधी. तेच आज परत आणलं."

ताईचा हात थांबला. तिनं का म्हणून विचारलं नाही. पोरीला हाक मारून जवळ बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग पिशवी पुरी भरली, तोंड घट्ट बांधलं आणि माझ्या हातात दिली. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

"जेवून जा," एवढंच बोलली.

जेवताना तिनं दोनदा कालवण वाढलं. मी ते खाल्लं, आणि घासागणिक लाजत खाल्लं.

भाची आता त्याच लॅपटॉपवर काम करते. काही अडलं तर मुरबाडच्या दुकानात विचारते, मला नाही. ताईनं तो विषय पुन्हा काढला नाही. काढून चार शब्द सुनावले असते, तर मला जरा बरं वाटलं असतं.