दांडगोबा आणि लाल गाऊन

कवळीकाकांच्या हाताला अशी सफाई होती, की शहरातले निम्मे म्हातारे त्यांच्या जिवावर हसायचे. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि काका घराच्या पुढच्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी अ‍ॅक्रिलिकमधून कवळ्या घडवायचे. त्यांचा हट्ट एकच, कवळी हलता कामा नये. केसाएवढी फट राहिली तरी परत घासायला घेणार. बोलण्यात मात्र महाकंजूष. काकूंशी दिवसभरात त्यांचं बोलणं म्हणजे 'चहा', 'मीठ' आणि 'येतो'. एकोणतीस वर्षं त्या बिचारीने एवढ्या तीन शब्दांवर काढली!

पंचावन्नाव्या वर्षी या माणसाला मासे पाळायचं खूळ लागलं. बरं, पाळायचे तर चार गोंडस, गरीब मासे पाळावेत की नाही? काकांनी आणला सिक्लिड जातीचा नर. वीतभर लांब, कपाळावर टेंगूळ, आणि स्वभाव असा, की काचेवर माशी बसली तरी तिच्या अंगावर धावून जायचा. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'दांडगोबा' ठेवलं. काकांना त्याची पिल्लं हवी होती. का, ते विचारू नका. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात केले, आता काहीतरी जिवंत वाढवावं असं वाटलं असेल.

पहिली मादी दोन दिवस टिकली. दुसरी चार. दांडगोबाने दोघींनाही टोचून टोचून मारलं. तिसरी आणली तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, या जातीची मादी आता मिळणं कठीण. जपा." आणि काकू म्हणाल्या, "हिच्या केसाला धक्का लागला, तर तो दांडगोबा आणि ती टाकी दोन्ही घराबाहेर. मला रोज सकाळी मढं उपसायची हौस नाही."

"अगं, माशाला केस नसतात," असं काकांच्या जिभेवर आलं होतं. पण प्रसंग ओळखण्याइतके ते शहाणे होते.

मग त्यांनी आपली सगळी कारागिरी पणाला लावली. टाकीच्या मधोमध अ‍ॅक्रिलिकची भिंत उभी केली. भिंतीला एक भोक पाडलं. मादी अंगाने लहान. ती त्यातून पलीकडे जाऊ शकेल, भेटेल, आणि मार बसायला लागला की परत आपल्या घरात. दांडगोबाचं टेंगूळ मात्र अडकणार. युक्ती नामी! काकांनी मादीला काचेला चिकटवून तिची उंची-जाडी मोजली आणि भोक अगदी तिच्या मापाचं घासलं. जरासुद्धा फट नाही.

आणि मग तिला अंडी धरावीत म्हणून महिनाभर चांगलं खाऊ घातलं. इथेच घोळ झाला ना! कवळी घालणारा म्हातारा महिन्याभरात हिरड्यांनी जाड होत नाही, पण मादी पोटाने होते. एका दुपारी ती ऐटीत दांडगोबाकडे निघाली आणि भोकात कमरेशी अडकली. तोंड नवऱ्याच्या घरात, शेपूट माहेरात. दांडगोबा तिच्या तोंडावर चालून आला. काका जाळी शोधत धावत सुटले, जाळी कवळ्यांच्या खोक्यात.

काकू लाल गाऊन घालून मटार सोलत होत्या. त्या ताटासकट उठल्या आणि काचेवर थाडथाड हात मारत ओरडल्या, "मेल्या, बाईमाणसावर हात टाकतोस? लाज नाही वाटत? ये, माझ्याशी भांड!"

दांडगोबा गर्रकन वळला आणि काचेवर आपटला. पुन्हा आपटला. कल्ले फुगवून, तोंड वासून तो काकूंवर तुटून पडला, आणि तेवढ्यात काकांनी मादीला मागे ओढून घेतलं.

नवल पुढेच झालं. काकांनी भोक मोठं करून दिलं, मादी पुन्हा गेली, आणि काकू समोर मटार सोलत बसलेल्या असेपर्यंत दांडगोबाने तिला बोटही लावलं नाही. उलट तिच्यापुढे छाती काढून उभा! काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या गड्याला भांडायला कोणीतरी बाहेरचं हवं होतं. ते मिळालं, की घरात तो मोठा प्रेमळ नवरा.

पंधरा दिवस काकूंनी टाकीसमोर भाज्या निवडल्या, कपडे दुमडले आणि दांडगोबाला मनसोक्त शिव्या घातल्या. मादीने सपाट दगडावर अंडी घातली. शंभर-दीडशे तरी असतील.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी काकू बहिणीकडे निघाल्या. दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. गाऊन दाराच्या खुंटीला अडकवून त्या म्हणाल्या, "येते."

काका म्हणाले, "बरं."

दुपारपर्यंत मादीची शेपटी फाटली. भोक आता प्रशस्त होतं, पण ती पळेना. अंडी सोडून जाणार कशी? दगडावर पंख पसरून मार खात होती. काकांना बघवेना. त्यांनी गाऊन खुर्चीवर टांगला. दांडगोबाने एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. काकांनी दोन नव्याकोऱ्या कवळ्या काचेला भिडवल्या. उपयोग शून्य. शेवटी त्यांनी स्वतः लाल गाऊन चढवला आणि आमटीचा डाव हलवत "मेल्या! मेल्या!" म्हणून नाचायला लागले. दांडगोबा त्यांना ओळखून होता. खायला मिळणार म्हणून लाडात तोंड वर करून आला. तेवढ्यात आली डॉक्टरांची नर्स, तयार कवळी न्यायला. दारातून तिने काकांना पाहिलं, "नंतर येते" म्हणाली, आणि जिना धडाधड उतरून गेली.

काकांनी फोन उचलला. एकोणतीस वर्षांत बायको बाहेरगावी असताना त्यांनी तिला कधी फोन केला नव्हता.

"अगंबाई! काय झालं? बरे आहात ना?" काकू घाबरल्याच.

"तुझा चेहरा दाखव," काका म्हणाले.

व्हिडिओ कॉल लागला. काकांनी फोन काचेला टेकवला आणि काकूंना काही सांगावं लागलं नाही. "काय रे दांडगोबा! मी जरा पाठ फिरवली तर लगेच रंग दाखवलेस?" दांडगोबा फोनवर असा आदळला, की काकांचाच हात मागे आला. मागून काकूंची बहीणही सामील झाली, ती तर शिव्यांत त्यांच्या वरचढ. फोन बंद झाल्यावरही दांडगोबा दोन तास त्या कोपऱ्यावर पहारा देत राहिला. मादी निवांत अंड्यांवर वारा घालत बसली.

मग दिवसातून चार वेळा फोन. आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली, मोहरीएवढी, आईच्या पोटाखाली झुंडीने. आणि दांडगोबा? त्यांच्याभोवती गस्त घालत होता. आता त्याला बाहेरच्या शत्रूची गरज उरली नव्हती.

नवव्या दिवशी, ठरल्या वेळी, काकांनी फोन केला.

"आता काय? पिल्लं पोहतायत म्हणालात ना काल?"

"पोहतायत."

"मग दांडगोबाला दाखवा की."

काकांनी फोन काचेला लावला नाही. स्वतःसमोर धरला. पडद्यावर काकूंचा चेहरा होता, तेल लावलेल्या केसांचा, जरा चिडलेला.

"त्याला नको," ते म्हणाले. "मलाच बोल काहीतरी."

काकूंनी फोन जवळ धरून त्यांना नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "जेवलात का?"

"नाही."

"नाही म्हणजे? दोन वाजलेत! फ्रीजमध्ये डबे भरून ठेवलेत ते काय माशांसाठी? आणि दाढी किती वाढलीय ती..."

काका खुर्ची ओढून बसले, डबा उघडला आणि म्हणाले, "बोल, बोल. ऐकतोय मी."