खारपाणपट्ट्यातून दोन अर्ज

मायच्या डाव्या हातात भुंगा होता. डायलिसिस सुरू करण्याआधी मनगटाच्या वर शीर आणि धमनी एकमेकींना जोडून देतात. तिथं बोट ठेवलं की आतून सारखी गुणगुण लागते. शेजारची लेकरं कान लावून ऐकायला यायची. माय हात पुढं करायची अन् म्हणायची, "ऐका, भुंगा काय बोलून राह्यला ते."

मी तेव्हा मलकापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होते. मूत्रपिंडाची आकृती मला डोळे मिटून काढता यायची. कोणत्या नळीत मीठ परत शोषलं जातं, कुठं पाणी परत घेतलं जातं, सगळं पाठ होतं. आणि आठवड्यातून दोनदा मायला घेऊन बुलढाण्याला जायचं, मोताळ्याहून पुढं घाट चढून, तेव्हा त्या आकृतीचा काडीचा उपयोग नव्हता. मशीनमधून मायचं रक्त बाहेर येऊन परत जाताना मी बघत बसायची. माय म्हणायची, "तू तं शिकली न हे? मंग काय चाल्लं ते सांग." मी सांगायची. ती ऐकता ऐकता झोपून जायची.

आमचं गाव पूर्णेच्या काठच्या खाऱ्या पट्ट्यातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. नळाचं गोडं पाणी आलं ते फार नंतर, तेही येईल तेव्हा येतं. किडनीचे पेशंट आमच्या गल्लीतच तीन होते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणायचे, पाण्यानं असेल, उन्हातल्या कामानं असेल, अंगदुखीच्या गोळ्यांनी असेल, खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. गावाला मात्र खात्री होती.

एकदा मी डॉक्टरांना म्हटलं, माझी किडनी जुळते का बघा. बाबांना साखर होती, त्यांची चालणार नव्हती. भाऊ-बहीण मला नाही. माय खाटेवर उठून बसली.

"काऊन व? तुले कोणं सांगतलं हे?"

"माय, दोन असतात. एकीवर माणूस जगतो."

"मी शिकली नाई म्हून तू मले शिकवू नको. तुह्या पोटात हात घालून मले जगाचं नाई."

डॉक्टरांनी बाहेर बोलावून मला सांगितलं की आईची तयारी नसेल तर पुढं काही करता येत नाही. मी पुन्हा दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्याच वर्षी कॉलेजातल्या मॅडमनी मला पुण्याच्या एका संशोधन संस्थेबद्दल सांगितलं. तिथं पीएच. डी.ला घेतात, विद्यावेतन मिळतं, आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. आमच्या कॉलेजातून तिथं कोणी गेलेलं नव्हतं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. त्यांना पीएच. डी. म्हणजे काय ते समजावायला वेळ लागला. समजल्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग तू डॉक्टरच होशीन न?" मी म्हटलं, त्या अर्थानं नाही. ते म्हणाले, "हाव, पण लिवतात तं डॉक्टरच."

लेखी परीक्षेत मी पास झाले. मुलाखतीच्या अर्जात एक निबंध लिहायचा होता, तुम्हाला संशोधन का करायचं आहे म्हणून. मी लिहिला तो मॅडमनी वाचला आणि बाजूला ठेवला.

"हे सगळेच लिहितात. लहानपणापासून निसर्गाची आवड आणि जिज्ञासा. तुझ्या घरात काय चाललंय ते लिही ना."

"आईचं?"

"आईचंच. तुझं खरं कारण तेच आहे. त्यांनाही कळू दे, आपली पोरं कुठून येतात ते."

मी बुलढाण्याच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये बसून मायवर लिहिलं. ती समोर पडलेली, हातात दोन सुया, आणि मी मांडीवर वही घेऊन. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त एसटी कंडक्टर असायचे. त्यांनी विचारलं, काय लिहून राह्यली बाई. मायच म्हणाली, "ते आमच्या रोगावर दवाई काढाले पुण्याले जाऊन राह्यली." कंडक्टर काका हसले. म्हणाले, "मंग लवकर काढ बाई, आमची गाडी शेवटच्या स्टॉपावर आली."

मुलाखतीला बोलावणं आलं. मावशी मायजवळ राहिली, बाबा माझ्यासोबत पुण्याला आले. संस्थेच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर ते दिवसभर बसून राहिले.

आत पाच जण होते. सगळे नीट बोलत होते, घाई करत नव्हते. माझं इंग्रजी अडखळायचं तिथं एक मॅडम म्हणाल्या, मराठीत सांगा, चालेल. मी मराठीत सुरू केलं तर तोंडून "मले" निघालं. कोणी हसलं नाही. मीच थांबले.

मग त्यांतले एक वयस्कर सर म्हणाले, "तुमच्या गावात सगळे तेच पाणी पितात. तुमच्या वडिलांची किडनी ठीक आहे ना?"

"हो."

"मग आईलाच का झालं? वडिलांना का नाही झालं?"

हा प्रश्न मला रोज पडायचा, पण शास्त्राचा म्हणून कधीच पडला नव्हता. बाबा जेवून ढेकर द्यायचे, तांब्याभर पाणी एका दमात प्यायचे आणि पाणी मोजून प्यावं लागणारी माय ओठावर बर्फाचा खडा फिरवत बघत राहायची, तेव्हा मला बाबांचा राग यायचा. त्यांनी काही केलेलं नव्हतं. त्यांना फक्त झालं नव्हतं. त्या रागापलीकडे मी गेले नव्हते. मी सरांना म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, माहीत नसणारच, पण शोधायचं कसं? मी पुन्हा मायचं सांगू लागले. ते ऐकत राहिले.

शेवटी त्या मॅडमनी विचारलं, "समजा, उद्या तुमच्या आई पूर्ण बऱ्या झाल्या. मग हे काम तुम्हाला करावंसं वाटेल का?"

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मी तो प्यायले, उठले आणि नमस्कार करून बाहेर आले.

निवड झाली नाही. मेल आला तेव्हा आम्ही बुलढाण्यातच होतो. मायला फोनवरची अक्षरं वाचता येत नव्हती, पण माझं तोंड वाचता येत होतं.

"नाई म्हणे?"

"नाही."

"काय इच्यारलं होतं त्यायनं?"

मी सगळं सांगितलं, तो शेवटचा प्रश्नही. मला वाटलं ती चिडेल. ती हसली. हसताना तिला धाप लागली.

"मंग हो म्हणाचं होतं न, येडे! मी बरी झाल्यावर तू घरी बसून काय करशीन? माह्या मांडीवर बसशीन काय?"

"तुझ्यासाठीच चाललं होतं ना हे."

"माह्यासाठी कायले? तू लहानपनी हिरीतलं पानी बाटलीत भरून उन्हात धरून पाहे. त्यातले किडे पाहे घंटा घंटा. तवा मले कोनता रोग होता?"

कंडक्टर काकांची खाट त्या दिवशी रिकामी होती. विचारलं तर नर्स म्हणाली, ते आता येत नाहीत.

माय पुढच्या उन्हाळ्यात गेली. आमच्याकडचा उन्हाळा किडनीच्या माणसासाठी नाही. पाणी प्यायचं मोजून, आणि बाहेर ऊन असं की पाखरं पडावीत. त्या आठवड्यात लग्नाच्या तिथी दाट होत्या, गाडी मिळाली नाही, आणि एक डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिला आडवं होता येईना. पाणी फुफ्फुसात चढलं होतं. मला ते कळत होतं. कुठल्या पडद्यातून पाणी कुठं शिरतंय, श्वासात बुडबुडे का वाजतायत, रक्तात आता काय वाढलं असेल आणि त्यानं हृदयाचा ठोका कसा चुकेल, हे सगळं मला पुस्तकाच्या पानासारखं दिसत होतं. शेवटी मिळालेल्या गाडीत बाबा पुढं ड्रायव्हरजवळ बसून "दाब, दाब" म्हणत होते. मी मागं तिला छातीशी बसतं धरलं होतं.

मोताळा मागं पडला. ती म्हणाली, "खिडकी उघड." खिडकी उघडीच होती. मी म्हटलं, "उघडली माय." घाट लागायच्या आधी तिची मान माझ्या खांद्यावर आली. मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. काही लागत नव्हतं. मी ड्रायव्हरला काही बोलले नाही. बाबा दाब दाब म्हणत राहिले आणि आम्ही पूर्ण घाट चढून दवाखान्यापर्यंत गेलो.

त्यानंतरचे महिने मी घरात होते. बाबांचा डबा, घर, आणि कॉलेजात तासांवर शिकवणं. प्रॅक्टिकलला पोरांना दाखवायला म्हणून एक दिवस मी आमच्या विहिरीचं पाणी बाटलीत नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्यासारख्या कवचातले बारीक जीव इकडून तिकडं पळत होते. इतक्या खाऱ्या पाण्यात ते मजेत होते. अंगात शिरणारं मीठ बाहेर कसं टाकत असतील? पोरं बघून निघून गेली. मी बघत राहिले. नंतर दुसऱ्या विहिरीचं आणलं, मग नदीचं. वेगळ्या पाण्यात वेगळे जीव होते. काही जीव गोड्या पाण्यात घातले की मरत आणि काही तगत. कोण का तगतो, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तासन् तास मायची आठवण न येता मी तिथं बसू शकत होते. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बाटल्या तशाच टाकून घरी गेले. दोन दिवसांनी परत आले.

पुन्हा अर्ज निघाले. निबंध एका दुपारी लिहून झाला. कॉलेजातल्या मॅडमनी वाचला.

"आईचं काढून टाकलंस?"

"काढलं नाही. आलंच नाही ते."

मॅडमनी चष्मा पुसला आणि शिफारसपत्र लिहायला घेतलं.

दुसरी मुलाखत बरी गेली. मी चुकले तिथं चुकले म्हणाले, आणि दोन प्रश्नांवर तर एका सरांशी वादही घातला. समोर एकच चेहरा ओळखीचा होता, मागच्या मुलाखतीतल्या मॅडमचा. मी उठले तेव्हा त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही आईबद्दल लिहिलं होतं. कशा आहेत त्या?"

"गेल्या," मी म्हटलं.

मी दार ओढून घेतलं.

निवड झाली. ती त्या शिंपल्यातल्या जिवांमुळे झाली की त्या एका शब्दामुळे, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पहिलंच उत्तर दिलं असतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला नसता. म्हणून विचारलं नाही.

गावात बाबांनी पेढे वाटले. मी निघायच्या आदल्या दिवशी माणसं भेटायला येत होती. शेजारची काकू, जिच्या नवऱ्याच्या पायांवर नुकती सूज दिसू लागली होती, माझा हात धरून म्हणाली, "तू आता काढशीनच व दवाई. तुह्या मायनं लय भोगलं." सगळी गेल्यावर मी बाबांना विचारलं, "हे तुम्ही सांगितलं लोकांना?"

"मंग? तू मायच्याच रोगावर शिकून राह्यली न?"

"नाही बाबा. मी विहिरीतल्या किड्यांवर काम करणार आहे. ते मीठ कसं सोसतात त्यावर."

"पन त्यातून निंघनच न काई?"

"माहीत नाही. नाहीही निघणार."

"आपल्या लोकायच्या कामाचं?"

"बहुतेक नाही."

ते उठले, पायात चपला घातल्या. दारातून मागं वळून म्हणाले, "लोकायले नको सांगू मंग."

मलकापूर स्टेशनवर त्यांनी माझी बॅग वरच्या फळीवर ठेवून दिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. गाडी बराच वेळ हलली नाही. आम्ही पाण्याच्या बाटलीबद्दल, डब्यातल्या भाकरीबद्दल बोललो.

काकूचा नवरा पुढच्या वर्षी डायलिसिसवर गेला आणि त्याच्या पुढच्या वर्षी वारला. त्याची खबर मला प्रयोगशाळेत लागली, पाण्याचे नमुने बदलताना. दिवाळीत गावी जाते तेव्हा काकू ओट्यावर बसलेली असते. ती अजून विचारते, कुठवर आलं म्हणून. मी म्हणते, काम चालू आहे.