काही न करण्याची वर्गणी

काहीतरी करण्यासाठी वर्गणी मागणारे सोलापुरात गल्लोगल्ली सापडतील. पण काहीही न करण्यासाठी वर्गणी मागणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. मोडनिंबच्या पुढे हमरस्ता सोडून आत गेलं की एका गावाचं गायरान लागतं. नुसता माळ. खाली मुरूम, त्यावर गवत आणि वर आभाळ. तिथे लांडगे राहतात, खोकड राहतात, चंडोल जमिनीवरच घरटी करतात. या मंडळींना झाडी नको असते, मोकळा माळच लागतो. म्हणून तिथे खड्डे काढू नका, रोपं लावू नका, बाग करू नका, पावसाळ्यात गवताचं बी झडेपर्यंत जनावरं सोडू नका, एवढंच साडूंचं म्हणणं. आणि या सगळ्या 'नका'साठी त्यांना पैसे लागतात: एका राखणदाराचा पगार, आणि लांडग्यानं कुणाची मेंढी नेली तर तिची भरपाई. "बाकी माळाला हात न लावण्याचा खर्च शून्य," असं ते अभिमानानं सांगतात.

हे गृहस्थ निवृत्त होईपर्यंत बँकेत कर्जाचे प्रस्ताव नामंजूर करत होते. त्रुटी काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी 'मुहूर्ताच्या वेळेला आधार जोडलेला नाही' असा शेरा मारून परत दिली होती. निवृत्तीनंतर दैवानं त्यांना टेबलाच्या पलीकडे नेऊन बसवलं. आता ते पुण्या-बेंगळुरूच्या संस्थांना प्रस्ताव लिहितात आणि तिकडची तरुण मुलं ते नामंजूर करतात. दुसरा एखादा खचला असता. साडू मात्र ते नकार मोठ्यानं वाचून दाखवतात. "काय सुंदर नकार दिलाय बघा, साडूभाऊ! कुठं बोट ठेवायला जागा नाही. आमच्या वेळी असं लिहिणारा माणूस मिळत नव्हता." आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कागदांनी भरलेल्या जेवणाच्या टेबलावर ताटापुरती जागा करत म्हणते, "मिळत नव्हता कसा? तुम्ही होता की."

प्रस्ताव लिहिण्याची त्यांची तऱ्हाही न्यारी. 'तीन वर्षांनंतर प्रकल्पस्थळी कोणता बदल दिसून येईल?' असा रकाना होता. साडूंनी लिहिलं, 'कोणताही नाही.' मी म्हटलं, अहो, जरा मऊ लिहा, पैसे मागतोय आपण. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि पुढे तीन शब्द वाढवले: 'अशी आशा आहे.' कामाआधीचा आणि कामानंतरचा असे फोटो मागवले, तर दोन्ही तंतोतंत सारखे. संस्थेनं कळवलं की नजरचुकीनं एकच फोटो दोनदा आला आहे. त्या दिवशी साडूंनी घरात सगळ्यांना पेढे वाटले. त्यांच्या मते एवढं मोठं प्रमाणपत्र आजवर कुणी दिलं नव्हतं.

माळावरून ते परस्पर कुठेही जातात, लग्नालासुद्धा. मग मांडवाच्या कोपऱ्यात बसून मोज्यांत अडकलेली गवताची कुसळं एकेक करून काढतात आणि सदऱ्याच्या खिशात ठेवतात. पुढच्या खेपेला ती माळावर नेऊन परत करायची. "बी आहे ते. वाया कशाला घालवायचं?" अक्कानं धुण्याआधी त्यांचे खिसे तपासायचं केव्हाच सोडून दिलं आहे, कारण हाताला सुया टोचल्यासारखं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र गोष्ट गळ्याशी आली. गावाला वृक्षलागवडीची एक योजना चालून आली होती आणि सरपंचांनी स्पष्टच सांगितलं, "सायेब, पाऊस लागायच्या आत तुमचं काय ते करा. न्हाईतर आमी माळावर खड्डं काढणार. गावाला काय तरी दिसाय पायजे की." एका संस्थेनं मदतीची तयारी दाखवली होती, पण तिची अट होती की आधी लोकवर्गणी जमवा. साडूंनी मला स्कूटरवर मागे घातलं. दोघं असलो की लोक पटकन हाकलत नाहीत, हा त्यांचा बँकेतला अनुभव.

आम्ही दुकानं पालथी घातली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "झाडं किती लावणार?" उत्तर, "एकही नाही." दुसरा प्रश्न, "मग नाव कुठं लिहिणार?" आमच्याकडे शाळेतल्या बाकापासून स्मशानातल्या ओट्यापर्यंत देणगीदाराचं नाव असतं. गवतावर नाव कसं लिहायचं? लष्करच्या भाकऱ्या भाजायला निघालेल्या या माणसाला पीठसुद्धा कुणी देईना.

शेवटी टॉवेलच्या कारखान्याचे एक मालक भेटले. पद्मशाली विणकरांच्या घरातले, घरात तेलुगू, धंद्यात मराठी. सगळी वर्गणी एकटे द्यायला तयार झाले. अट एकच: माळावर त्यांच्या आईच्या नावानं वनराई करायची. मी टेबलाखालून साडूंच्या पायावर पाय दिला. साडूंनी विचारलं, "आईंना झाडांची आवड होती का?"

"आवड कुठली हो सर? जन्म मागावर गेला तिचा. झाड बघायला वेळ कुठं होता?" मालक म्हणाले. "आता गेल्यावर तरी सावली मिळू दे की तिला."

मला वाटलं, आता नकार येणार. पण साडू म्हणाले, "सावली द्यायचीच तर जिथं माणसं उन्हात बसतात तिथं देऊ या." कारखान्याच्या मागच्या बोळात बायका पत्र्याच्या कडेला बसून डबे खायच्या. तिथे त्यांनी स्वतः उभं राहून कडुनिंब लावून घेतले, आळी केली, भोवती जाळ्या बसवल्या, एका जाळीवर आईचं नाव घातलं. मालक समाधान पावले आणि त्यांचे पैसे त्या बोळातच संपले. माळाच्या वाट्याला दमडी आली नाही. परत येताना मी बरंच काही बोललो. साडू एवढंच म्हणाले, "आईंच्या सावलीचं काम आधीचं होतं."

मग त्यांनी शेवटचा उपाय काढला. त्या गावच्या यात्रेत मानाचे लिलाव होतात. पालखीचा पहिला खांदा, पहिली आरती, ज्याची बोली मोठी त्याचा मान. साडू पारावर उभे राहिले आणि लिलाव पुकारला: यंदा पावसाळाभर माळावर जनावर न घालण्याचा मान! चारी अंगांचे चार मान वेगवेगळे. आधी हशा पिकला. मग उगवतीच्या बाजूचा मान कुणाचा यावरून दोन भावक्या इरेला पेटल्या. भावकीच्या ईर्षेपुढे लांडगा काय आणि चंडोल काय. मावळतीच्या बाजूला एका म्हाताऱ्या मेंढपाळानं आपला एडकाच बोलीत लावला. लांडग्यांनी आजवर सगळ्यांत जास्त मेंढ्या त्याच्याच नेल्या होत्या. वर्गणी जमली. एडका मात्र विकवेना म्हणून साडूंनी तो घरी आणून बांधला आणि प्रस्तावात 'वस्तुरूप योगदान' म्हणून दाखवला. अक्काची तुळस त्यानं पहिल्याच दिवशी खाल्ली.

आणि संस्थेचा नकार आला. 'प्रकल्पातून दृश्य फलनिष्पत्ती अपेक्षित नाही,' असं कारण होतं. हा नकार साडूंनी वाचून दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी एडका भाड्याच्या टेम्पोत घालून, लोकांची वर्गणी घेऊन आम्ही गावात गेलो. साडूंनी पारावर सगळ्यांची माफी मागितली. राखणदार नेमता येत नाही, भरपाई देता येत नाही; ज्याचं त्यानं घेऊन जावं, माळाचं गावानं काय ते ठरवावं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाईट वाटलं.

कुणी पुढे आलं नाही. म्हातारा मेंढपाळ तेवढा उठला, एडक्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याचा दोर पुन्हा साडूंच्या हातात दिला. "सायेब, मान काय कुणी माघारी देतं व्हय? आमी मान घेतलाय. जनावर न्हाय जायचं माळावर. राखणीचं आमी बघू, पाळीपाळीनं." भावक्यांकडे बघून सरपंच म्हणाले, "मग त्ये खड्ड्याचं मशीन म्या कुटं घालू आता?" आणि मशीन काही आलं नाही.

पाऊस बरा झाला. साडूंचे गुडघे मात्र बसले. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी माळ बंद केला. दिवाळीनंतर त्यांनी मला एकट्यालाच पाठवलं. मी माळाच्या मधोमध उभा राहून फोन लावला.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"गवत. पिकलंय. कमरेपर्यंत आलंय."

"आणखी?"

मी चहूकडे नीट बघितलं. वाऱ्यानं सगळा माळ एका बाजूला झुकत होता. "आणखी काही नाही, साडूभाऊ."

ते हळूच म्हणाले, "फोन नका ठेवू. तसाच धरा जरा वाऱ्याकडं."