पणजोबांची दाढी

२०१८ साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडून सोडलेली. पण चित्रातली दाढी कशी बघायची हे मला कळतं, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

आमचं घर तुळजापुरातलं, पुजाऱ्याचं. ओसरीवर पणजोबांचं कापडावर रंगवलेलं चित्र होतं. निजामाच्या अमदानीत हैदराबादचा एक चितारी नवस फेडायला आला, आमच्याच घरी उतरला आणि दक्षिणेच्या बदली हे चित्र काढून देऊन गेला. लोक आधी डोळे बघतात, पागोटं बघतात. मी दाढी बघायचो. हैदराबादच्या एका संग्रहालयात दिवसभर नबाब-सरदारांच्या चित्रांपुढं उभा राहिलोय मी. निम्म्यांच्या दाढ्या म्हणजे हनुवटीला घोंगडीचा तुकडा बांधल्यासारख्या. आमच्या चिताऱ्यानं केस न् केस ओढलेला. गालापाशी दाढी विरळ, आतली कातडी दिसायची. ओठाखाली तंबाखूनं पिवळी पडलेली एक बट. आणि सगळ्यांच्या वर, अगदी शेवटच्या हातानं काढलेले पांढरे केस, सुताहून बारीक. सकाळचं ऊन ओसरीवर आलं की तेवढेच चमकायचे.

त्या साली मुलानं यात्रेकरूंसाठी घरात खोल्या काढल्या. ओसरीवर त्याला टाइल्स आणि काउंटर पाहिजे होतं.

"आबा, त्या काळ्या फडक्यात तुम्हाला काय दिसतंय कुणास ठाऊक," तो म्हणायचा.

लई भांडणं झाली. शेवटी ठरलं की पुण्याहून जुन्या चित्रांच्या जाणकार बाई येतील. त्यांनी चांगलं म्हटलं तर चित्र जागेवर, न्हायतर माळ्यावर.

बाई यायच्या आदल्या दिवशी मला वाटलं, एवढ्या वर्षांची समईची काजळी बसलीय, बाईंना दाढी दिसणार कशी? नवरात्राच्या आधी आमच्या देवघरातले चांदीचे दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात. पोरवयापासून ते काम माझं. रिठ्यानं अस्सल वस्तू उजळते, एवढंच मला शिकवलेलं. सूनबाईला म्हटलं, रिठे उकळून पाणी कोमट करून दे.

तिनं दिलं, पण घुटमळली. "आबा, रंग निघंल."

"तू तुझी भांडी घास. मला शिकवू नको."

जुन्या धोतराच्या फडक्यानं मी चित्र धुतलं. फडक्याला करडं लागत होतं, मी ती काजळी धरली. कपाळ उजळलं, पागोटं उजळलं. मी खूश; दाढी उद्या बाईंबरोबरच उन्हात बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भिंग लावून बराच वेळ बघत राहिल्या. मुलगा शेजारी, सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात.

"हात फार चांगला होता," बाई म्हणाल्या. "पण दाढीवरचं शेवटचं काम गेलंय. हे धुतलं कुणी?"

मी जवळ जाऊन बघितलं. पांढरा केस एकही नव्हता. हनुवटीला घोंगडीचा तुकडा.

आणि मी म्हणालो, "सूनबाईनं पुसलं असंल. बायकांना काय कळतंय त्यातलं?"

समोर भिंग धरून एक बाईच उभी होती, याचंही भान मला राहिलं न्हाय. सूनबाईनं माझ्याकडं एकदा बघितलं. कप माझ्यापुढं ठेवला. "आबा, चहा घ्या. गार होतोय."

बाई गेल्यावर मुलगा तिच्यावर घसरला. काल ज्याला काळं फडकं म्हणत होता त्याची आज त्याला पणजोबांची ठेव झाली. "शंभर वर्षांची वस्तू! एवढी अक्कल न्हाय तुला?"

"चुकलं," ती म्हणाली. एवढंच. मी सुपारी कातरत बसलो होतो. अडकित्ता थांबला न्हाय माझा. तिच्या त्या एका शब्दाची चीड आली मला, आजही येते. तिनं भांडायला पाहिजे होतं, माझं नाव घ्यायला पाहिजे होतं. मग मला नाकारता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा चहाला बसला तेव्हा मी रिठ्याचं पातेलं आणि ते करडं फडकं त्याच्यापुढं आणून ठेवलं. "धुतलं मी. ती नको म्हणत होती."

"मग काल का गप्प बसलात?"

ओसरीवर गेलो, चित्र खिळ्यावरून स्वतः उतरवलं, माळ्याला शिडी लावली आणि सूनबाईला हाक मारली, "धर गं जरा." तिनं शिडी धरली. पणजोबांना छातीशी घेऊन मी वर चढलो.