आहुप्याच्या तळ्याचं लाल पाणी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, असं आई नेहमी म्हणायची. आहुप्यात ते खरं ठरलं. "परत आणून घालते की बाबा, त्यात काय!" असं मी तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना बोलून बसले.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्यात मी गोड्या पाण्यातल्या, उजेडावर जगणाऱ्या जिवाणूंवर संशोधन करत होते. उजेड पकडायचा त्यांचा एक जनुक असतो. एकाच तळ्यात त्याची किती रूपं सापडतात, ते मला शोधायचं होतं. धरणाच्या पाण्यात मोजकीच निघाली. सर म्हणाले, "माणसाचा हात न लागलेलं तळं बघ, नाहीतर प्रबंध विसर." माझं घर महाळुंगे पडवळचं, आहुप्याच्याच तालुक्यातलं, म्हणून आहुप्याची देवराई आठवली. तिथून वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर नेत नाही. राई सांभाळणाऱ्या बाबांनी तळ्याचं दोन बाटल्या पाणी नेऊ दिलं, पण एका अटीवर. "देवाचं हाय. काम झालं का परत आणायचं."

त्या पाण्यानं मला तारलं! इतकी रूपं निघाली की सर खुर्चीतून उठले. पण जनुक काढायचा तर पाणी गाळायचं, गाळणकागदावर राहिलेले जिवाणू फोडायचे. गाळलेलं पाणी मीच बेसिनमध्ये ओतलं. अट तेव्हा आठवलीसुद्धा नाही. उरली ती जिवाणू वाढवायची एकच बाटली. तळ्याच्या पाण्याचे चार थेंब साध्या पाण्यात टाकून, रसायनं घालून दिव्याखाली वाढवलेले, गडद लाल. त्यातही एकच जात तगली होती, बाकीच्या मेल्या.

सरांना त्याच तळ्याचं पाणी पुन्हा हवं होतं. परत द्यायला लाल बाटली आणि भरून आणायला दोन रिकाम्या बाटल्या घेऊन मी एसटीत बसले.  बाटलीतले जीव त्याच पाण्याची लेकरं आहेत ना, मग खोटं कुठंय, असं घोडेगाव सुटल्यापासून घोकत होते. पण ही भसाभसा वाढणारी जात तळ्यातल्या बाकीच्यांचं काय करेल, कोण जाणे! ओतल्यासारखं करावं आणि बाटली लपवावी, असंही मनात आलं. शिकलेल्या बाईची अक्कल ही अशी.

बाबा अंगणातच होते. "आली गं बाय! मला वाटलं, इसरली." मी बाटली काढली.

"लाल कशापायी झालं?"

"बाटलीत राहून," मी म्हणाले.

बाबांनी हात जोडले. "देवानं रंग दावला!" मी काही बोलायच्या आत त्यांनी बाटली घेतली, झाकण काढलं, तळहातावर पाणी घेतलं आणि तीर्थासारखं तोंडाशी नेलं.

"पिऊ नका!" मी किंचाळले आणि त्यांचा हात झटकला.

मग सगळं सांगावंच लागलं. बाबांनी हात धोतराला पुसला. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मंग आमचं पाणी कुठं हाय?"

"बेसिनात गेलं, बाबा."

"आन् त्यातलं जीव?"

"त्यांचे बारीक तुकडे उरलेत. पुण्याला, फ्रीजमध्ये."

"त्ये तरी आणून घालशील?"

"मेलेत ते," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. रिकाम्या बाटल्या मी पिशवीतून काढल्याच नाहीत.

परतीची एसटी तीन तासांनी होती. बाबा उठले, राईच्या वाटेवर मधोमध जाऊन बसले, आणि मी गावातून जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.