राखेखालची भुरी

आमच्या सासूबाईंना, केराबाईंना, काही सांगायची सोय न्हाय. सगळा जन्म शेरडं हाकण्यात गेला, माणसांशी बोलणंही तसलंच. मी तोंड उघडलं की, "तू गप ग विजे!"

परसात त्यांचा दुध्या भोपळ्याचा वेल हाय. बी त्यांच्या म्हायेरचं, अकलूजकडचं. तिकडं भावांनी आता बांधापतोर ऊस लावलाय, वेल कुठला राहायला! बियाला म्हणून राखलेला एकच भोपळा मांडवाला लोंबत होता. तो जून व्हायच्या आत वेल वाळला, तर त्यांच्या आईचं बी संपलंच.

आणि ह्या बाई रोज सकाळी चुलीतली राख पानांवर मारायच्या! किडीला राख मारतात, मला बी ठाव हाय की. पण एवढी? हिरवं पान दिसंना.

"आत्या, खाली भुरी असंल, ती पांढरी बुरशी. बघू द्या."

"कसली भुरी? राख हाय ती. हात लावायचा न्हाय!"

देवा, डोकं फिरायची पाळी आली. आत्या भावाकडं लग्नाला गेल्या तशी मी सगळी पानं धुतली. चिमूटभर राख टाकली न्हाय. तरी दोन-तीन दिवसांत पिठासारखे गोल ठिपके परत उठले. आत्या आल्या तशी त्यांना हात धरून मांडवाखाली नेलं.

"आता बोला! ही कुणाच्या चुलीतली राख?"

आत्यांनी पानावरनं बोट फिरवलं. "भुरी हाय. मला पयल्यापासनं ठाव हाय."

"मग झाकली कशापायी?"

"मागल्या साली भुरी दिसली म्हून माजा दोडका तूच उपटलास की! ह्यो बी उपटला असतास."

उपटला होता मी, खोटं कशाला बोलू. पण संतापही आला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय? सांगायचं की!

वाईट पानं तोडून जाळली. दुकानातनं गंधक आणून ऊन उतरल्यावर फवारलं. आत्या मागं उभ्याच, "हितं राहिलं! तितं मार!" वेल निम्मा बोडका झाला, पण तगला. त्या रोज भोपळ्याला नख लावून बघायच्या. एका सकाळी नख शिरलं न्हाय, भोपळा जून झाला.

बी वाळलं तसं त्यांनी दोन पुड्या बांधल्या. आजवर सख्ख्या जावेला त्यातलं एक बी दिलं न्हवतं. एक पुडी माझ्या हातात कोंबली.

"ही तुज्या म्हायेरी लाव. हितं तू उपटशील."